सतरा नंबरची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी बर्फात हात घालावे लागत. हा नियम विद्यापीठाचा नव्हता आणि सरांचाही नव्हता, तो बाईंचा होता. दाराशी थर्माकोलची पेटी, तिच्यात बर्फाचा चुरा आणि पेटीच्या मागे स्टुलावर बाई. मी पहिल्या दिवशी गेले ती एम.एस्सी.च्या गुणांचा ताठा घेऊनच. मी कोण, कुठली, कशावर पीएच.डी. करायला आले आहे, असं सगळं सांगून झालं. बाईंनी माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घाल आत नि शंभर मोज." पन्नासच्या पुढे बोटं आपली वाटेनाशी झाली. सत्तरला मी हात बाहेर काढले, तर त्यांनी मला पुन्हा एकपासून मोजायला लावलं.

कारण असं की, आमचं काम मायटोकॉन्ड्रियांशी. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशीचं वीजघर म्हणतात. बाई त्यांना जीव म्हणत. मांसातून हे जीव वेगळे काढायचे, बर्फात सांभाळायचे आणि चार-पाच तासांत काम उरकायचं. त्यानंतर ते कामातून जातात. गरम हातांनी नळी धरली तरी बिघडतात. प्राचार्य एकदा मुंबईच्या दोन पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले. बाईंनी तिघांपुढे पेटी सरकवली. पाहुण्यांनी हौसेने शंभर मोजले. प्राचार्यांना ऑफिसात काहीतरी काम आठवलं आणि ते बाहेरूनच परत गेले.

कागदोपत्री बाई प्रयोगशाळा परिचर होत्या. काचसामान धुणं, बर्फ आणणं, केर काढणं, एवढंच त्यांचं काम. शिक्षण चौथीपर्यंत. उंच, हडकुळ्या, साडीवर पांढरा ॲप्रन. मासळी कापायची त्यांची स्वतःची सुरी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असे, कारण सुरीसुद्धा थंड हवी. कॉलेजातल्या बाकी सगळ्या परिचर बायका 'मावशी' होत्या. ह्यांना कुणी मावशी म्हटलं की त्या वळूनच बघत नसत. माझ्या बहिणीची पोरं पूर्णगडात आहेत, त्यांनी मला मावशी म्हणावं, असं त्या सांगत. त्यामुळे त्या बाई. आमचे सर, ज्यांच्या नावापुढे परदेशातल्या पदव्या होत्या, तेही त्यांना 'अहो बाई' म्हणत.

आमचं काम नेमकं काय होतं, हे सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत, म्हणून थोडं सांगते. स्नायू हलायला कॅल्शियम लागतं. पण पेशीत ते प्रमाणाबाहेर शिरलं की मायटोकॉन्ड्रिया ते गिळत सुटतात, गिळून गिळून फुगतात आणि शेवटी फुटतात. ते फुटले की पेशी मरते. हृदयविकाराच्या झटक्यात हे होतं, आणि स्नायूंच्या काही जन्मजात आजारांत वर्षानुवर्षं, थोडं थोडं, रोज होत राहतं. हे फुटणं थांबवणारं औषध आम्ही शोधत होतो. औषधही कसं, तर लहान रेणूचं. गोळी करून गिळता यावं, रक्तातून पेशीत शिरावं, इतक्या लहान रेणूचं. सरांच्या पुण्यातल्या मित्राने असे बावीस रेणू बनवून पाठवले होते. बावीस तपकिरी बाटल्या, त्यांवर एक ते बावीस आकडे.

मी एकेक बाटली घेऊन ती महिना-दोन महिने तपासायची. रोज ताजे जीव काचेच्या चौकोनी नळीत घालायचे आणि ती यंत्रात ठेवायची. जीव धडधाकट असले की पाणी गढूळ दिसतं आणि पडद्यावरची रेघ सरळ चालते. मग कॅल्शियमचा थेंब सोडायचा. जीव फुगतात, पाणी निवळतं, रेघ कोसळते. औषध लागू पडलं तर थेंबानंतरही रेघ तशीच सरळ राहायला हवी. दुपारी दोनच्या सुमाराला बाई हात पुसत यंत्रापाशी येत आणि विचारत, "रेघ ऱ्हायली?" सोळा बाटल्यांना मी मान हलवून नाही म्हणाले होते.

हे विचारणं वरवरचं नव्हतं. बाईंच्या मुलीला जन्मापासून तोच स्नायूंचा आजार होता. पाचव्या वर्षी ती चालली, बाराव्या वर्षी चालायची थांबली. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. चाकाच्या खुर्चीत असे आणि जेटीमागच्या घरातून फोनवर मासळीची गिऱ्हाइकं सांभाळी. कुणाला पापलेट, कुणाला सौंदाळे, कुणी मागच्या वेळेला कुरकूर केली, सगळं तोंडपाठ. बोटं चालत होती, मान चालत होती, जीभ तर फारच चालत होती.

ती आठ-नऊ वर्षांची असताना मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी बाईंना खोलीबाहेर घेऊन सांगितलं होतं की, ही विसावं वर्ष बघणार नाही. मुलगी वीस वर्षांची झाली त्या दिवशी सकाळी बाईंनी त्या दवाखान्यात फोन केला आणि कंपाउंडरला म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, हाय." एवढंच बोलून फोन ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तेविसाव्या वर्षी म्हणे डॉक्टरांनीच फोन उचलला आणि "आहे ना?" असं विचारलं. त्यावर बाई गोंधळल्या. भांडायच्या तयारीने फोन केलेला, आणि समोरचा माणूस आनंदाने विचारतो आहे. पण फोन काही थांबले नाहीत. मुलगी आज एकतीस वर्षांची आहे.

बाई प्रयोगशाळेत आल्या त्याही अशाच. सरांनी कुठल्याशा सभागृहात लोकांसाठी सोप्या मराठीत व्याख्यान दिलं होतं. बाई तेव्हा बाजारात मासळी विकत. नवरा तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, आठ-आठ दिवस समुद्रात. मासळीचा धंदा चांगला चालला होता. व्याख्यानानंतर त्या सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि औषध कधी येणार म्हणून विचारलं. सर खरं बोलणारे. म्हणाले, दहा वर्षं लागतील, वीस लागतील, कदाचित येणारही नाही, आणि हाताखाली माणसं नाहीत. बाईंनी बाजारातली जागा जावेला दिली आणि सोमवारी सकाळी कॉलेजच्या दारात येऊन बसल्या. कॉलेजात परिचराची जागा निघायला चार महिने लागले. ते चार महिने त्यांनी बिनपगारी बर्फ आणला.

पुढे सर मला सांगत, माझ्या प्रयोगशाळेतली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे ते यंत्र नव्हे, बाईंचे डोळे. कारण आम्ही जीव काढायचो ते गेदराच्या मांसातून. गेदर हा मोठा मासा, सतत पोहणारा. त्याच्या अंगात एक काळसर लाल पट्टा असतो आणि त्यात मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. पण मासा आत्ताचा हवा. सकाळी जेटीवर लिलाव चाललेला असताना बाई माश्यांच्या रांगेतून फिरत, कल्ला उचलून बघत, बोटाने दाबत आणि पुढे जात. प्रयोगशाळेसाठी म्हटल्यावर व्यापारी कालचा माल पुढे करत, कापूनच टाकायचा तर कालचा काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. बाई त्यांच्याशी जे भांडत ते लिहिण्यासारखं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "खानाऱ्याला कालचा चालतो गो. त्याला आमटीत कळत नाय. तुझ्या रेघेला कळतो." पट्टा काढून घेतल्यावर उरलेल्या माशाचं काय होतं, असं ऑफिसातल्या हेडक्लार्कने एकदा चौकशीच्या सुरात विचारलं. बाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. ते गेले, दोनदा वाढून घेतलं आणि चौकशी तिथेच संपली.

त्यांना काही सांगायचं म्हणजे सोपं नव्हतं. शेजारच्या कुणीतरी मुलीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या, तेव्हा त्या गोळ्यांची पट्टी घेऊन तावातावाने माझ्याकडे आल्या. कॅल्शियमने जीव फुटतात आणि लोक मुलीला कॅल्शियम खायला घालतात, हे काय. मी समजावलं की, हाडांचं कॅल्शियम वेगळं, पोटातून जातं ते शरीर मोजूनमापून घेतं, भानगड आहे ती पेशीच्या आतल्या प्रमाणाची. त्यांनी तीन वेळा उलटसुलट विचारलं. मग तेच सरांना जाऊन विचारलं, मी जवळ नसताना. दोघांचं उत्तर जुळलं तेव्हा कुठे गोळ्या मुलीला दिल्या. मला तेव्हा राग आला होता. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय. आता कळतं की त्या आमच्यापेक्षा बऱ्या शास्त्रज्ञ होत्या.

काचसामानाचा त्यांना फार अभिमान. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येई, मग बोअरचं पाणी वापरावं लागे, आणि त्या पाण्याने काचेवर पांढरा थर धरे. मे महिन्यात चंचुपात्रांच्या कडांना पांढरी वळी पडलेली असत. बाई आधी घासत, मग पातळ आम्लात बुडवत, मग नळाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा. एक भांडं उजेडाकडे धरून बघायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझा चहा पिऊन होई. काचेवरचा थर म्हणजेसुद्धा कॅल्शियमच, हे त्यांना मीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं.

तर सतरा नंबर. मे महिन्यातच तो लागला. कॅल्शियमचा थेंब सोडला आणि रेघ हललीच नाही. दुसरा थेंब सोडला, तिसरा सोडला. रेघ सरळ. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले, रेघ सरळ. सरांना बोलावलं. सर चष्मा पुसत राहिले. आम्ही चार दिवस चार ताज्या गेदरांवर तेच करून बघितलं आणि चारही दिवस तेच झालं. माझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती, घरी वडील मुंबईहून दर रविवारी फोन करून किती राहिलं विचारत होते, आणि आता हातात असा निकाल. मी आनंदाने रडले, हे कबूल करायला मला लाज नाही.

बाईंना मी मिठी मारली. त्या मिठीत उभ्या राहिल्या खऱ्या, पण त्यांचे हात खालीच होते. मला वाटलं, आनंद झेपला नाही.

बातमी प्राचार्यांपर्यंत गेली. कॉलेजचा स्थापनादिन दोन आठवड्यांवर होता. ठरलं की, त्या दिवशी सरांनी निकाल जाहीर करायचा आणि बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. मुलीला खुर्चीसकट व्यासपीठावर आणावं, फोटो चांगला येईल, असं प्राचार्यांचं मत होतं. बाई त्यांना म्हणाल्या की, ती येईल तेव्हा स्वतःच्या मर्जीने येईल, फोटोसाठी येणार नाही. प्राचार्यांनी मग विषय वाढवला नाही.

सत्काराच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत आले तर माझ्या टेबलावर चार चंचुपात्रं ओळीने मांडलेली. प्रत्येकाखाली कागदाचा कपटा, त्यावर बाईंचं मोठं, पाटीवर लिहावं तसं अक्षर. पंधरा. सोळा. सतरा. चौथ्यावर लिहिलं होतं, पाणी. तीन पात्रांच्या कडांना पांढरा थर तसाच होता. सतराचं पात्र लख्ख.

"ह्या काय?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, गंमत म्हणून.

"तू द्रव केलेलंस ना, त्यातला उरलेला घातला. थर होता तीच भांडी घेतली. रात्रभर ठेवली," बाई म्हणाल्या. "सतराची भांडी मी कधी घासतच नाय. आपोआप निघतात. पंधरवडाभर बघत्ये."

मी सतराचं पात्र उजेडाकडे धरलं तेव्हा कुठे मला समजलं. सतरा नंबर काचेवरचं कॅल्शियम उचलतो आहे. म्हणजे नळीतलंही उचलत असेल. म्हणजे मी थेंब सोडत होते ते कॅल्शियम जिवांपर्यंत पोचतच नव्हतं. रेघ सरळ राहत होती, कारण त्यांच्यावर काही संकटच आलं नव्हतं.

मी वाद घातला. म्हटलं, तो रेणू आम्लधर्मी असेल, आम्लाने थर निघतोच.

"सगळ्या पान्यांचा आंबटपना तू एकाच आकड्यावर आनून ठेवतेस ना, सात पॉइंट चार? सोळाचा नि सतराचा आकडा एकच. मग सतरा तेवढा आंबट कसा?"

उत्तर नसलं की माणूस जे करतो ते मी केलं. मी त्यांना म्हणाले, "तुमचं काम भांडी धुण्याचं आहे, बाई. तेवढं करा." हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा काम भांडी धुवायचा, ता मी केला. तुझा काम बघायचा. तू बघ." आणि पेटीत बर्फ घालायला गेल्या.

मंगळवारी पुन्हा चार पात्रं. बुधवारी पुन्हा. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या मांडत होत्या. मी ती उचलून मोरीत ठेवायची, त्या धुऊन जागेवर लावायच्या, दुसऱ्या दिवशी नवी चार. मी नजर चुकवून यंत्रापाशी बसायची. कॅल्शियम मोजायचा रंग फ्रीजमध्ये पडून होता. जीव न घालता नुसतं औषध आणि कॅल्शियम नळीत घालायचं, हा रंग टाकायचा आणि कॅल्शियम मोकळं उरतं का ते बघायचं. ही तपासणी मी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. आता वर्गात मुलांना शिकवताना हेच सांगते मी, की औषध गुणकारी म्हणण्याआधी हे तपासा. आनंदाच्या भरात ती मागे पडली, आणि नंतर, खरं सांगायचं तर, मला ती करायची नव्हती.

गुरुवारी दुपारी केली. नळीत कॅल्शियम घातलं, रंग जांभळा झाला. सतरा नंबर घातला, जांभळा रंग गेला. पंधरा मिनिटांचं काम. तीन वर्षांत पहिल्यांदा मिळालेला निकाल पंधरा मिनिटांत गेला. बाई मागे उभ्या होत्या. मी वळून बघितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हता. त्या पंधरा दिवसांत सतरा नंबर खरा निघावा असं ह्या इमारतीत सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते त्यांनाच. आणि तरीही त्यांनी ती पात्रं रोज मांडली होती.

सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, परिषदेला निबंधाचा गोषवारा गेला होता, पुण्याचे मित्र यायला निघाले होते. ते म्हणाले, शनिवार होऊन जाऊ दे, जाहीर करताना मी मोघम बोलेन, मग सावकाश दुरुस्ती करू. मी हो म्हणाले. मलाही तेच हवं होतं. बाईंना जाऊन सांगितलं की, शनिवारनंतर बघू असं सर म्हणतात. बाई "बरा" म्हणाल्या. त्यांनी इतक्या लवकर काही मान्य केल्याचं मी ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगीच ताटकळत ठेवलेलं मला आवडत नाही. बावीसपैकी एकही बाटली लागली नाही. अशी औषधं शोधणारे लोक जगभर आहेत, शोध चालू आहे. माझी पीएच.डी. दीड वर्ष उशिरा झाली. प्रबंधात एक आख्खं प्रकरण सतरा नंबर कसा फसवतो ह्यावर आहे आणि त्यातल्या पहिल्या निरीक्षणाचं श्रेय बाईंच्या नावावर आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर विचारलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. बाई जांभळ्या काठाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सर मोघम बोलले. आशादायक, प्राथमिक, पुढे बरंच करायचं आहे, असं. टाळ्या पडल्या. मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. सूत्रसंचालकाने सांगितलं की, एका आईच्या प्रतीक्षेला आज फळ आलं आहे. अध्यक्षांनी शाल उलगडली. बाई वर गेल्या, शालीला एक हात आडवा लावला आणि दुसऱ्या हाताने माइक खाली ओढला.

"शाल ठेवा," त्या म्हणाल्या. "सतरा नंबर औषध नाय. तो कॅल्शियम धरून ठेवतो, जिवांपर्यंत जाऊच देत नाय, म्हनून रेघ ऱ्हाते. अंगात गेला तर हृदयाला लागतो तो कॅल्शियमपन धरील. गुरुवारी तपासून झालाय. उद्या ह्या पेपरात आला तर माझ्यासारख्या पन्नास बाया पोरांना उचलून हितं येतील. त्यांना दारात कोन सांगनार? मी नाय सांगनार. म्हनून आज सांगत्ये."

अध्यक्ष शाल धरून उभे. मी माझ्या जागेवर बसून होते. तेवढ्यात सर खुर्चीवरून उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "बाई सांगतायत ते बरोबर आहे. हे मी सांगायला हवं होतं." ते म्हणाले म्हणून मग मीही उठले. काही बोलले नाही, नुसती उभी राहिले. प्राचार्यांनी सूत्रसंचालकाला खूण केली आणि खो-खोच्या संघाचा बक्षीस समारंभ सुरू झाला.

बाई व्यासपीठावरून उतरल्या त्या थेट दाराबाहेर. मी मागून गेले. त्यांनी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रिक्षात मी त्यांची माफी मागितली, त्या सोमवारच्या वाक्याची. बाई म्हणाल्या की, ता झाला आता, माझी काळजी वेगळी हाय. काळजी कसली ते सांगायची गरज नव्हती. कार्यक्रमाची पत्रिका चार दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती आणि मुलीला सकाळपासून अभिनंदनाचे निरोप येत होते. तिला अजून काही माहीत नव्हतं. गुरुवारपासून दोन रात्री बाई तिच्याजवळ झोपल्या होत्या आणि बोलल्या नव्हत्या. सगळ्या गावाला माइकवरून सांगणं त्यांना जमलं, पण हे जमलं नव्हतं.

घरी मुलगी पडवीत खुर्चीत बसली होती. मांडीवर फोन. आईच्या अंगावर शाल नाही आणि मागून माझं असं तोंड, हे तिने एका नजरेत बघितलं. फोन उलटा ठेवला.

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. बराच वेळ तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सतरा खोटा निघाला."

बाहेर कुणाची तरी होडी ओढत नेत होते, त्या माणसांचे आवाज येत होते. मला वाटलं, आता मुलगी रडेल, आणि ती रडली तर मी काय करणार आहे.

"कोनी पकडलान?" तिने विचारलं.

बाईंनी मान वर केली नाही. "मी," म्हणाल्या.

मुलीने आईकडे बघितलं. असं बघणं मी त्यानंतर कुठे बघितलेलं नाही. तिचा हात वर उचलला जात नसे, तिने तो खुर्चीच्या कडेवरून सरकवत सरकवत आणला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. बाई तेव्हा रडल्या. तोंडातून आवाज न काढता, खांदे हलवत, पुष्कळ वेळ रडल्या. मीही रडत होते. मुलगी तेवढी रडत नव्हती. ती माझ्याकडे वळली आणि गिऱ्हाइकाला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अजून किती बाटल्या ऱ्हायल्यात?"

"पाच," मी म्हणाले.

"मग हिला उद्या सुट्टी देऊ नको."

उद्या रविवार होता, कॉलेज बंद होतं. सकाळी साडेसहाला बाई आणि मी जेटीवर गेदरांच्या रांगेत उभ्या होतो.